गायाझा रस्त्यावरचं घर

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … कोण नाबुकेरा? माझ्या भाचीचा नंबर मला पाठ आहे, हा तो नाही. … किवुम्बींचा? मग नवऱ्याचा फोन तुझ्या हातात कसा? … बरं, बरं. चार्जिंग संपलं. तुझं नेहमी संपलेलंच असतं. बोल.

… हो, दुकानातच आहे. लग्नाच्या तीन गोमेसी शिवून द्यायच्यात संध्याकाळपर्यंत. एकेका पायघोळ पोशाखाला किती कापड लागतं. मशीनचा आवाज आहे तो… थांब, बंद करते. … हं. कुठे आहेस?

… घरी म्हणजे कुठल्या घरी? … ते गायाझा रस्त्यावरचं? अगं, ते तुमचं घर नाही अजून. सही होईपर्यंत ‘आमच्या घरी’ म्हणू नकोस. … बारा वाजता वकिलाकडे? आज? … आणि आत्याला कधी सांगणार होतीस? सामान लावून झाल्यावर?

हो, हो… अगं ऐक ना. तुझा बाप गेल्यावर तुझं लग्न मी लावून दिलं. घराचं विचारायचा हक्क मला नाही तर कोणाला? … रागावले नाही. विचारतेय.

विकणाऱ्याचं नाव काय म्हणालीस? … सेन्फुका. आणि तो कॅनडाला चाललाय. … पुढच्या आठवड्यात. हं. घर विकायला काढलेला प्रत्येक माणूस पुढच्या आठवड्यातच कॅनडाला कसा जातो गं? … थट्टा नाही करत. खरंच विचारतेय.

भिंती बघितल्यास? … रंग ताजा आहे म्हणालीस, म्हणूनच विचारतेय. सगळी भिंत रंगवलीय की खालचा हातभरच? … जा, कोपऱ्यात जमिनीलगत हात लावून बघ. … वाकवत नाही? बरोबर आहे, सातवा महिना. मग चप्पल काढ आणि पाय टेकव भिंतीला. … कोरडी? नक्की? … बरं. कोरडी तर कोरडी.

नळ सोड. … येतंय ते टाकीतलं. आज सकाळीच कोणी टाकी भरून ठेवली असेल तर? … राहू दे चालू थोडा वेळ. घरामागे खोलगट जमीन आहे का? लव्हाळा, अळू, असलं काही? … केळी? मग ठीक. केळीला पाय ओले चालत नाहीत. म्हणजे पाणी नाही साचत तिथे. … अजून येतंय? … बंद कर मग, वाया नको.

नाही गं, मला कशाला वाईट वाटेल. चांगलं घर मिळालं तर आनंदच आहे. … तसं नाही. खोट दिसली की मला बरं वाटतं, कशाला घाबरायचं ते तरी कळतं. इतकं चांगलं घर तो माणूस इतक्या घाईत का देतोय, हे मला कळत नाही.

… केळी कशी आहेत? … कशी म्हणजे, रान माजलंय का? … छाटलेली. बुंध्याशी गवत अंथरलंय? … वाळलेलं की हिरवं? … नाबुकेरा, नीट बघून सांग. … अर्धं हिरवं.

आणि घर कधीपासून रिकामं आहे म्हणाला तो? … वर्षभर. बायकापोरं आधीच पुढे गेली. … मग या आठवड्यात केळीला गवत कोणी घातलं?

… राखणदाराने. … पोरी, राखणदार फाटकाशी बसतो आणि पगार घेतो. अशी बाग ठेवते ती जिला रोज त्या बागेतून पातेल्यात घालायचं असतं, ती बाई.

तू याआधी किती वेळा गेली होतीस? … तीनदा. कुठल्या वारी? … तिन्ही वेळा रविवारी? सकाळी दहाला? … कोणी ठरवलं, तुम्ही की दलालाने? … हं. आणि आज? … पडद्यांचं माप घ्यायला, न सांगता. बरं केलंत. … मग दलाल कसा उगवला? … किल्ली हवी म्हणून किवुम्बींनीच बोलावला. … आता कुठे आहे? … फाटकाशी उभा राहून कोणाशी तरी बोलतोय फोनवर. किवुम्बीही तिथेच? … राहू देत. तू जाऊ नकोस तिकडे.

केळीच्या पलीकडे काय आहे? … दोन खोल्या. … राखणदाराच्या, असं दलाल म्हणतो. तू नाही बघितल्यास. … बाहेरून कुलूप आहे? … नाही. कपडे वाळताहेत का? … काय काय? … मोज ना, लाजायचं काय त्यात. … शाळेचे गणवेश. दोन लहान, एक मोठा. आणि? … गोमेसी? कुठल्या रंगाची? … जांभळी. पट्ट्यासकट. हात लाव तिला. … रेशमी.

ऐक. तीस वर्षं मी गोमेसी शिवतेय. अशी रेशमी गोमेसी बायका रोज नेसत नाहीत. ही उद्या चर्चला नेसायला धुऊन टाकलीय. … हो, उद्या. रविवारी. दहाला ती बाई पोरांना घेऊन चर्चमध्ये बसलेली असते. म्हणून तुम्हाला दर वेळी रविवार.

… माझ्या मनाचे खेळ असतील. असू देत. दार वाजव.

… दलालाला कशाला विचारायचं? दार काय त्याचं आहे? वाजव, मी आहे फोनवर. मोठी असेल तर नमस्काराला गुडघे टेकायला जाऊ नकोस, पोट आहे, नुसती वाक जरा.

… कोणी आलं? … बाई. कडेवर मूल. … काय म्हणाली? … ‘नवे भाडेकरू तुम्हीच का?’ … असंच म्हणाली? … काही सांगू नकोस तिला अजून. फोन दे.

हॅलो… नमस्कार, बाई. कशा आहात? … घरची सगळी? … पोरं? … देवाची दया. आम्हीही बरे. … मी त्या मुलीची आत्या. वांडेगेयाला शिवणाचं दुकान आहे माझं. … हो, सातवा. … पहिला मुलगाच, दोन वर्षांचा. … आपलं नाव? … नासूना. बरं झालं बोलणं झालं, नासूनाताई. एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. ते मोठं घर कोणाचं?

… तुमचंच. … यजमानांनी बांधलं. विटा तुम्ही वाहिल्यात, थोरला पोटात असताना. … यजमानांचं नाव? … सेन्फुका.

… नाही, नाही, ऐकतेय. मागच्या खोल्यांत केव्हा आलात मग? … इस्टरनंतर. मोठं घर भाड्याने देऊ, पोरांच्या शाळेला होईल, असं ते म्हणाले. … हं. आणि ते स्वतः कुठे असतात? … कामाच्या गावी. येऊन जाऊन.

… कॅनडाला जायचंय का त्यांना? … सहज विचारलं. … हसा, हसण्यासारखंच आहे.

ताई, एवढ्यात कसल्या कागदावर सही केलीत का? … कसल्याही. अंगठा? … वकिलाकडे गेला होतात? … कधीच नाही. … बरं. फोन मुलीकडे द्या जरा. आणि तुम्ही खाली बसा. … बसा हो, माझं ऐका.

नाबुकेरा, कागदांची फाइल आहे पिशवीत? … काढ. राहतं घर विकायला बायकोची संमती लागते, तसा एक कागद असेल. … सापडला? नाव वाच. … नासूना. खाली सही आहे? … तारीख? … गेल्या महिन्याची.

… दाखव तिला. तू काही बोलू नकोस, नुसता दाखव.

… वाचता येतं ना तिला? … येतं. … काय म्हणाली? … मूल तुझ्याकडे दिलं. … हो, घे ते. तू पण बस.

… कोण ओरडतंय? … किवुम्बी? दे त्यांना फोन. … दे गं, त्यांचाच आहे.

जावईबापू, नमस्कार. … ऐकतेय. … दलाल म्हणतो ती कामवाली आहे, डोक्याने जरा कमी. … तो म्हणतो ते कळलं. तुमचे डोळे काय सांगतात? तुमच्यासमोर बसलीय ना ती?

… हो. खोलीमालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितलंय, ठाऊक आहे मला. … एक पोर, दुसरं वाटेवर आणि एकच खोली, तेही ठाऊक आहे. … चार वर्षं तुम्ही रविवारीसुद्धा कामावर गेलात. मी बघितलंय. अहो, ऐकून तर घ्या…

… ‘कागद पुरे आहेत. आठ दिवसांत ती निघून जाईल.’ हे दलालाचं बोलणं की तुमचं? … तुमचं. बरं. हेच बोलणं मी एकदा ऐकलंय, जावईबापू. तुमच्या आतोबांच्या तोंडून.

… नातेते भागातल्या आमच्या घराचं. नाबुकेराला ठाऊक नाही हे. सामानाचा ट्रक घेऊन आम्ही पोचलो, तर ओट्यावर एक बाई बसलेली. चुलीवर घेवडा शिजत होता. म्हणाली, घर माझं आहे. तिचा नवरा तिला न सांगता आम्हाला विकून गेला होता. तेव्हा बायकोची संमती कोणी मागत नव्हतं. आतोबा म्हणाले, कागद पुरे आहेत, आठ दिवसांत जाईल. … नाही गेली. आठ दिवसांनी आम्ही पोलीस आणले. … हो, आम्हीच. तिची भांडी मी बाहेर नेऊन ठेवली, पोलीस फेकतील म्हणून. एक पातेलं गरम होतं, फडक्याने धरून नेलं.

… नाही, पुढे काही झालं नाही. कोर्ट नाही, भांडण नाही. उत्तम घर होतं. बारा वर्षं राहिले मी तिथे. बारा वर्षांत शेजारची एकही बाई चिमूटभर मीठ मागायला आली नाही माझ्याकडे. धाकट्याच्या बाप्तिस्म्याला शंभर पानांचं जेवण केलं, तर त्या गल्लीतलं कोणी आलं नाही. माझी पोरं फाटकाच्या आतच खेळली. त्यांना वाटायचं, सगळ्यांची तशीच खेळतात. … आतोबा गेले आणि मी ते घर काढून टाकलं.

… भिंती बघ, नळ बघ, हे मी सगळ्यांना सांगत असते. हे नाही सांगितलं कधी कोणाला. आज पहिल्यांदा.

… जावईबापू, मी म्हणते म्हणून काही करू नका. घरात तुम्ही राहणार आहात, मी नाही. … दलालाला एवढंच म्हणा, आत या आणि ही बाई कोण ते तिच्यासमोर सांगा. बास. … हो. फोन असू दे नाबुकेराकडे.

… काय चाललंय, पोरी? … तो आत येत नाही. … किवुम्बी काय म्हणतायत? … मोठ्याने बोलतायत. बोलू देत. … काय केलं? … किल्ल्या त्यांच्या हातात टाकून बोडा मोटारसायकलवर बसून गेला? … जाऊ दे. मागे नका लागू. बयाणा दिला नव्हता ना? … देवाची दया.

… दुसरा फोन येतोय? कोणाचा? … सेन्फुकाचा. वाजू दे. आज उचलायचा नाही. आणि तो संमतीचा कागद फाइलमध्ये नीट ठेव. रागाच्या भरात फाडाल, आणि नेमका तोच लागेल.

… रडतेस? … रड. … हो, ती खिडकी. सांगितलं होतंस, पाळणा तिथे ठेवणार होतात. … ठाऊक आहे गं. तसा उजेड सगळ्या घरांत नसतो. … नाही, लगेच दुसरं मिळेल असं मी नाही म्हणत. शोधावं लागेल. पाय दुखतील.

महिनाअखेरचं सांगू? दुकानामागची खोली मोकळी करते मी. कापडाचे गठ्ठे आहेत, हलवते वर. … अडचण होईल, होऊ दे. बाळ तिथे झालं तरी चालेल, हॉस्पिटल जवळ आहे. … नवऱ्याला विचार, मग हो म्हण. पण विचार नक्की.

… ती काय करतेय? … दोरीवरचे कपडे काढतेय? … कुठे निघाली? … आईकडे, मासाकाला? … नाही. तिला म्हणावं, एक रात्रसुद्धा घर सोडू नकोस. ती गेली की उद्या तो दुसऱ्या कोणाला तरी घेऊन येईल. थांबव तिला. … हात धर तिचा.

… हं. किल्ल्या किवुम्बींकडेच आहेत ना? … तिला द्यायला सांग. मोठ्या घराच्या, फाटकाच्या, सगळ्या. आधी वस्तीच्या चेअरमनला हाक मारा, त्याच्यादेखत द्या. … जवळच राहतो म्हणते? मग झालं. सोमवारी जमीन कचेरीत जाऊन हरकत नोंदवायची, म्हणजे घर कोणाच्या नावावर चढणार नाही. तिला एकटीला धाडणार नाही मी.

… मी येतेय. … आत्ताच. गोमेसी थांबतील तासभर, नवरीच्या मावश्या काही पळून जात नाहीत. टॅक्सी उभी आहे समोर, अजून तीन माणसं भरली की सुटते. … नको, तू उठू नकोस. तू पोर सांभाळ.

… मागे कसला आवाज? … किवुम्बी? काय नेतायत? … तिची गादी. मोठ्या घरात. … त्यांनीच उचलली? तू नाही सांगितलंस? … बरं.

दाराशी अडकेल ती. उभी करून न्यायला सांग. … हं. ठेवते.