भागीकाकीचं परदेशातलं काम

पूर्वरंग झाला, चहा झाला, मागच्या रांगेतल्या मंडळींची एक डुलकीही झाली! आता आख्यान. पण त्याआधी एक प्रश्न. हात वर करायचे नाहीत, उत्तर मनातल्या मनात द्यायचं. देवापुढे उभं राहून आपण विचारतो – देवा, होईल का रे माझं काम? तेव्हा आपण त्याचं उत्तर ऐकायला गेलेलो असतो, की आपलं उत्तर त्याच्या तोंडात कोंबायला?

बघा, पेटीवाले गालात हसले! त्यांना सापडलेलं दिसतंय. आपण सावकाश जाऊ.

तर मंडळी, ऐका. तळकोकणात आंबेरखोल नावाचं गाव. गावाला रवळनाथाचं देऊळ, देवळामागे देवराई. अशी गर्द, की भर दुपारी आत शिरलात तर चष्मा पुसावासा वाटेल. आणि त्या देवळाचा गुरव बाबल. उंच, हडकुळा, बोलायला कमी. बायको लवकर गेली. घरात तो आणि त्याची एकुलती एक लेक, प्रणाली.

आता गुरवाचं काम काय? पूजा तर आलीच, पण मोठं काम म्हणजे कौल. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची म्हैस हरवली, कुणाला विहीर खणायची – चला रवळनाथाकडे! बाबल काय करायचा? फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. प्रश्न सांगायचा आणि हात जोडून मागे सरायचं. उजवी आधी पडली, तर हो. डावी पडली, तर नाही. आणि एकही पडली नाही तर? तर देव विचार करतोय! उद्या या!

लोक घाई करायचे. पडली का? पडली का? बाबल एकच वाक्य बोलायचा. "लावचा आपण, पाडचा देवान." लावायचं आपण, पाडायचं देवाने. मंडळी, वाक्य लक्षात ठेवा. पुढे हेच वाक्य ह्या माणसाच्या मानगुटीवर बसणार आहे.

ही प्रणाली लहानपणापासून देवराईत हिंडायची. झाडांच्या सालीवर राखाडी, हिरवट पापुद्रे चढतात ना, त्यांच्यापुढे तासन् तास बसायची. त्याला म्हणतात दगडफूल. अहो, दगडफूल! माउलींनो, तुम्हाला मी काय सांगायचं? गोड्या मसाल्यात घालता तेच. तर ही पोरगी शिकली, कॉलेजात गेली, त्या दगडफुलावर मोठा अभ्यास केला, आणि फिनलंड म्हणून एक देश आहे, तिथल्या एका संस्थेत फेलोशिपसाठी अर्ज केला. फेलोशिप म्हणजे काय? शिष्यवृत्तीची थोरली बहीण! जायचं, राहायचं, तिथल्या अरण्यात दगडफूल शोधायचं आणि वर तेच पैसे देणार! जगात अशी माणसं आहेत मंडळी. आपण जे आमटीत टाकतो, त्याला ती भिंग लावून बघतात.

अर्ज गेला. मग मुलाखत. ती फोनवर, तोंड दिसतं तशी. पण आंबेरखोलात रेंज कुठे? ती गावावरच्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या माळावर. पोरगी भर उन्हात सड्यावर बसली. बाबल मागे छत्री धरून उभा. मध्येच कुणाची तरी गुरं आली. तिकडे फिनलंडचे विद्वान प्रश्न विचारतायत, इकडे गुरव एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने बैल आवरतोय! विद्वानांना ते फार आवडलं म्हणे. त्यांनी बैलाचं नाव विचारलं.

आणि मग सुरू झालं वाट पाहणं.

ज्यांनी ज्यांनी पोरांच्या निकालाची, दवाखान्यातल्या रिपोर्टाची वाट पाहिलीय, त्यांना मी काय वेगळं सांगू? प्रणाली रोज सड्यावर जायची, फोन उघडायची, बंद करायची, परत यायची. वाटेत चहावाला सदा विचारायचा, "इला काय गो?" एसटीचा कंडक्टर खिडकीतून विचारायचा, "इला काय?" शाळेच्या बाई विचारायच्या. गावाने स्वतःच अर्ज केल्यासारखं झालं होतं! फिनलंड कुठे आहे ते एकालाही माहीत नव्हतं, पण तिथली माणसं फार सावकाश काम करतात, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, घरात गुरव आहे, लावायचा की कौल! इथेच तर गोम आहे. त्या देवळाची रीत अशी, की गुरवाने स्वतःच्या घरासाठी कौल लावायचा नाही. आजा-पणजांपासूनची रीत. का? कारण पाकळी किती भिजवायची, किती दाबायची हे गुरवाच्या अंगठ्यात असतं. आणि अंगठा म्हणजे काही संतमाणूस नव्हे! सगळ्या गावाला उत्तर मिळवून देणारा बाबल स्वतःच्या लेकीसाठी मात्र दारात बसून राहिला. आचाऱ्याच्या घरी उपास!

पण गाव गप्प बसेल? एके सकाळी सदा चहावाला देवळात आला. हात जोडून म्हणाला, माझं परदेशात एक काम आहे, होईल का विचार. बाबलने त्याच्याकडे पाहिलं. सदा कणकवलीच्या पलीकडे गेलेला नाही! पण प्रश्न विचारणाऱ्याची उलटतपासणी गुरवाने करायची नसते, हीही रीत. लावल्या पाकळ्या. पडेनात. देव विचार करतोय. दुसऱ्या दिवशी कंडक्टर आला. त्याचंही परदेशात काम! मग शाळेच्या बाई. त्यांचंही! मंडळी, आख्ख्या आंबेरखोलाचा व्यवहार एकाएकी सातासमुद्रापार गेला! बाबलला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. पण बोलायचं कसं? आणि पाकळ्या काही पडत नव्हत्या.

शेवटी आली भागीकाकी. काजू सोलून बोटं काळी पडलेली शेजारीण. आई गेल्यावर प्रणालीला न्हाऊमाखू घातलं ते हिने. तरातरा आली, नारळ ठेवला आणि म्हणाली, "माजा परदेशात एक काम अडाकलाहा. ता होतला काय नाय, देवाक विचार."

"तुजा?" बाबलला राहवलं नाही.

"व्हय. माजाच."

बाबलने पाकळ्या भिजवल्या. डावी लावली. उजवी लावली. आणि मंडळी, आता कान इकडे द्या. तबलेवाले, जरा हात थांबवा. उजव्या पाकळीवर बाबलचा अंगठा क्षणभर जास्त थांबला. जास्त दाबला गेला, म्हणजे ती पाकळी जास्त चिकटली. मुद्दाम? देव जाणे. त्याचं त्यालाही ठाऊक नाही. तो मागे सरला, हात जोडले. आणि डावी पाकळी टपकन खाली पडली.

नाही!

भागीकाकीने पदर डोळ्यांना लावला. आणि बाबल गुरव? मंडळी, बाबल गुरवाला बरं वाटलं.

होय, बरं वाटलं! छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. पोर जाणार नाही. संध्याकाळी देवळातून घरी गेलो की चुलीपाशी कुणीतरी असेल. तोंडाने तो महिनोन् महिने म्हणत होता, देवा, तिला मिळू दे. आणि आत कुठेतरी दुसराच एक बाबल दार लावून बसला होता आणि म्हणत होता, मिळू देऊ नको रे! ह्या दुसऱ्या बाबलची आणि त्याची त्या दिवशी पहिल्यांदा गाठ पडली. पाठोपाठ त्याला आपला अंगठा दिसला. आयुष्यभर लोकांना सांगितलं, लावायचं आपण, पाडायचं देवाने. आणि आज पाडलं कुणी?

तो तडक सड्यावर गेला. प्रणाली फोन घेऊन बसलेली. बाप शेजारी कातळावर टेकला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. सदाचं, कंडक्टरचं, बाईंचं, काकीचं. अंगठ्याचं सुद्धा. आणि शेवटी मान खाली घालून म्हणाला, "डावा पडला आणि माका बरा वाटला गो."

पोरीने फोन बाजूला ठेवला. बाबलला वाटलं, आता ही आपलं तोंड बघणार नाही. आणि प्रणाली काय करते? हसायला लागते! पोट धरून हसते! म्हणाली, "अरे बाबा, काकीन विचारल्यान काय? माजा परदेशातला काम होतला काय! काकीचा खय परदेशात काम हा? देवान बरोबरच सांगल्यान, नाय म्हणान!"

बघा मंडळी! रवळनाथ काय खोटं बोलला? काकीने स्वतःचं काम विचारलं. काकीचं परदेशात काम नव्हतं. डावा कौल! जसा प्रश्न, तसं उत्तर. आता पाकळी देवाने पाडली की अंगठ्याने, यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका. मी कीर्तनकार आहे, पंचायत नव्हे.

हसता हसता पोरीचे डोळे भरले. बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती म्हणाली, "माका पण कधी कधी वाटता, ता उत्तर येवच नये. तुका सोडून मी कशी जातलंय?" घ्या! दोघंही एकमेकांपासून लपवून एकाच गोष्टीला भीत होती! एका घरात, एका चुलीवर जेवून! मग दोघं खूप वेळ बोलली. भीती बोलून टाकली की तिचा आकार कळतो हो. बहुतेक वेळा ती आपल्यापेक्षा लहानच निघते. उतरताना बाबलने लेकीला एवढंच सांगितलं, की आता उत्तर काहीही येवो, माझा अंगठा मध्ये नाही.

आणि उत्तर आलं! दोन-चार दिवसांतच, सकाळच्या उन्हात. सड्यावरून पोरगी धावत येताना आधी दिसली कंडक्टरला. त्याने एसटी थांबवून घंटीच घंटी वाजवली. सदाने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. भागीकाकी तर अंगणात फुगडी घालायला जोडीदारीण शोधत होती आणि सापडेल त्याला ऐकवत होती, की बघा, झालं की नाही माझं परदेशातलं काम!

जायच्या दिवशी सगळं गाव देवळात जमलं. कौल स्वतःच्या घरासाठी लावायचा नाही, पण गाऱ्हाणं घालायला कुणाची बंदी नाही. गाऱ्हाणं म्हणजे गुरवाने देवाला साकडं घालायचं, आणि वाक्यागणिक गावाने म्हणायचं, व्हय म्हाराजा! बाबल लेकीला घेऊन देवापुढे उभा राहिला. म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या माज्या चेडवाक तिकडची थंडी सोसूची ताकद दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या हातात यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तिका बेगीन परत..."

बेगीन म्हणजे लवकर. सगळ्या गावाने व्हय म्हणायला तोंड उघडलं. आणि बाबल थांबला. स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि मग खणखणीत आवाजात म्हणाला, "तिका वाटात तेवा परत येवंदे रे म्हाराजा!"

मंडळी, त्या दिवशीचा व्हय म्हाराजा फिनलंडात ऐकू गेला असेल!

आता कथा संपली, आणि तुमची सुटका नाही. तुम्हीही पोरांसाठी देवापुढे उभे राहता. पोराला चांगले मार्क पडू देत. कुणासाठी? पोरासाठी, की शेजारच्या कुलकर्ण्यांना सांगायला? पोरीला चांगलं स्थळ मिळू दे. तिच्या मनातलं, की तुमच्या? भागीकाकीने नाव स्वतःचं सांगितलं, पण मागितलं दुसऱ्यासाठी. आपण नाव दुसऱ्याचं सांगतो आणि मागतो स्वतःसाठी! घरी जा, आणि आपला अंगठा कुठल्या पाकळीवर दाबला गेलाय ते एकदा बघा. सापडला, तर खजील होऊ नका. हसा, आणि उचला.

चला, आता आंबेरखोलासारखं मोठ्याने म्हणायचं. मागच्या रांगेने सुद्धा! देवा, अर्ज करायला आम्हाला हात दे, वाट बघायला धीर दे, आणि निकाल तुझा लागेपर्यंत आमचा अंगठा आमच्याच मुठीत राहू दे रे महाराजा!

काय म्हणता?