बाबा सर्वेसर्वा, मी निरंकुश

नाही सिस्टर, खुर्ची भिंतीकडेच राहू दे — वळवू नका म्हटलं ना! बाबा खुणावतात, हो, मला दिसतं, मी काय आंधळी आहे? डावा हात तेवढा हलतो, त्यानं खिडकी दाखवत राहतात. दाखवू देत. तुम्ही आजच आलात, तुम्हाला वाटणारच, कसली ही मुलगी! अहो, या घरात हे सर्वेसर्वा होते — शब्द माझा नाही, यांचाच. मला नोकरी लागली होती, पुलांचे नकाशे काढायची, दुसऱ्या शहरात. बॅग भरून दारात उभी होते, तर जेवता जेवता, मान वर न करता म्हणाले, "या घरात सर्वेसर्वा मी आहे. बॅग आत ठेव." ठेवली! आई वाढत होती, तिचा हात थांबलासुद्धा नाही. आणि लोक काय म्हणायचे? काय वचक आहे माणसाचा! कौतुकानं, बरं का.

आता यांची वाचा गेली, आई तर केव्हाच गेली, मग ठरवणार कोण? मी. उठायचं केव्हा, मीठ किती, दिवा कधी मालवायचा — मी. तर आमचे धाकटे बंधुराज फोनवर काय म्हणाले, माहितीये? "ताई, तू निरंकुश झालीयेस." निरंकुश! म्हणजे काय हो? ज्याला विचारणारं कुणी नाही, तोच ना? मग हे कोण होते? यांना कोण विचारत होतं? यांनी हुकूम सोडला की सर्वेसर्वा, मी सोडला की निरंकुश — बाईच्या हाती आलं की शब्दच बदलतो! म्हटलं, आहे मी निरंकुश, जा. आणि पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस.

— छे, ऐकतोय कुठला! दर रविवारी येतो, खाली रस्त्यावर उभा राहतो, खिडकीकडे बघून हात हलवतो वेड्यासारखा, म्हणून तर ही खुर्ची — म्हणजे, ऊन लागतं यांना. डोळ्यांवर येतं.

हळू? कशाला हळू बोलू माझ्याच घरात? यांना मी सांगितलंय, मुलाला तुमच्यासाठी वेळ नाही, आणि यांनी ते —

बाबा, असं बघू नका माझ्याकडे.

नका बघू म्हणते ना!

सिस्टर, हात सोडा त्यांचा. पिशवी उचला आणि निघा. उद्यापासून यायची गरज नाही — कुणी ठरवलं म्हणजे? मी.