लोरेटाची बोटं

नाही, मी म्हणतो, पुसायचंच होतं तर फिल्मवरची धूळ पुसायची, ओरखडे पुसायचे… माझी बायको कशाला पुसायची? तीन सेकंद हो! फक्त तीन सेकंद!

तुम्हाला सांगतो, सदुसष्ट सालची आमची टीव्हीवरची अंतराळाची मालिका, बरबँकच्या स्टुडिओतल्या पत्र्याच्या शेडमध्ये अंतराळयानांची मॉडेलं मी बनवायचो आणि ग्रह बनवायची माझी बायको, लोरेटा… कागदाचा लगदा, वर न्हाणीघराचा उरलेला हिरवा रंग, झाला ग्रह! एकदा ग्रह फिरवणारी मोटर जळली, दिग्दर्शक बोंबलतोय, ‘टेनहोफ, जेवणाच्या सुट्टीआधी ग्रह फिरलाच पाहिजे!’ तर हिनं मागून हातानं फिरवला, आणि चित्रात खालच्या कोपऱ्यात आली ना बोटं! दिग्दर्शक म्हणतो, ‘राहू दे, कोण बघतंय!’ आणि तोच तुकडा प्रत्येक भागाच्या सुरुवातीला चिकटवला, चिक्कू लेकाचे!

कोण बघतंय? अहो, मी बघतोय! ती जाऊन अकरा वर्षं झाली, दर रविवारी दुपारी टीव्हीसमोर सँडविच मांडीवर घेऊन… तीन सेकंद! आणि एका रविवारी बघतो तर ग्रह गुळगुळीत, ढगबिग तरंगतायत, आणि कोपरा रिकामा! घरातल्या जुन्या टेपा? त्यांचा मशीननं कधीच चोथा केलाय!

केला मालिकेच्या कंपनीला फोन. डेल्फीन नावाची पोरगी, आवाज मधाळ, ‘सर, सगळी दृश्यं आम्ही कॉम्प्युटरवर नव्यानं केलीत. ती चूक होती, काढून टाकली.’

‘अगं, चूक काय? बायको आहे माझी!’

तिकडून हळूच, ‘मला कुणी सांगितलंच नाही हो, मिस्टर टेनहोफ.’

सहा आठवडे भांडली बिचारी साहेबांशी. मग फोन, ‘या रविवारी बघाच! बोटं परत आली!’

मी दाढी केली. शर्टाला इस्त्री केली! कुणासाठी, विचारू नका. लागलं… ग्रह फिरला… आली बोटं. लांबसडक, नखं गुलाबी, पाचच्या पाच! साहेब म्हणाले असणार, जुनी शोभत नाहीत, नवी बनवा. अहो, लोरेटाच्या मधल्या बोटाचं टोक करवतीनं नेलेलं, नखांत कायम हिरवा रंग!

पोरीला फोन केला. ‘आवडलं?’ म्हणते, श्वास रोखून. काय सांगणार? म्हटलं, ‘हुबेहूब गं!’

आता रविवारी बघतो तेच. परकी बाई का असेना… तीन सेकंद कुणीतरी घरात येऊन जातं.