बर्फाचा कप्पा

सोनईच्या मेडिकलात रांगेत आराधनाच्या पुढं उभ्या असलेल्या छबूबाईंनी इन्सुलिनच्या दोन बाटल्या काउंटरवर ठेवल्या.

"आमचे मालक गेले. ह्या एखाद्या गरिबाला द्या."

"मावशी, घरी नेलेलं औषध परत घेता येत न्हाई. कसं ठेवलं हुतं, आमाला काय ठाऊक?" दुकानदार म्हणाला.

"लई जपलंय! फ्रीजात वर, बर्फाच्या कप्प्यात. पयल्यापासून तितंच."

"अरेरे! गोठलं की त्याचा गुण जातो, मावशी."

"मंग ह्यांला मी रोज वितळवून टोचलं, ते?"

दुकानदारानं आराधनाकडं पाहिलं. तिनं नजर वळवली.

"ते चांगलंच हुतं, मावशी."

"मंग ह्ये बी चांगलंच की. घ्या."

त्यानं बाटल्या घेतल्या. छबूबाई रस्ता ओलांडून दिसेनाशा होईस्तोवर हातातच धरल्या, मग कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.