धुळा मिस्त्रींनी बंद केलेली कुरकुर

अन्वी आणि ईशान,

चार वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांबद्दल मी, तुमच्या आजीनं, तुमच्या बाबाला फोनवर एक गोष्ट सांगितली आणि त्याच्याकडून ती तुम्हाला कळली. ती खोटी निघाली. खोटी आहे हे मला माहीत नव्हतं, पण मी ती तपासूनही पाहिली नव्हती. खरं काय ते कळून आज पाच दिवस झाले. आणखी उशीर नको म्हणून लिहिते आहे. तुम्ही मराठी सावकाश वाचता, तरी मराठीतच लिहिते, कारण सांगणारा माणूस जसा बोलला तसं ते इंग्रजीत उतरवणं मला जमणार नाही.

आमची गाडी तुम्हाला आठवत असेल. आजोबा दौंडला रेल्वेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी एक जुनी तेरा सीटची गाडी घेतली आणि शिरूरच्या धुळा मिस्त्रींकडून तिच्यात घर बसवून घेतलं. उघडली की पलंग होणारी दोन बाकडी, ओटा, शेगडी, ओट्याखाली छोटा सिलिंडर, पाण्याची टाकी. मग एका सकाळी वडगाव रासाईला, ओळखीच्यांच्या शेतात गाडी उभी असताना, आत भडका उडाला. माझा उजवा हात भाजला. आजोबांनी शेगडीचा कॉक उघडला, पेटवायचं विसरले आणि पाणी आणायला निघून गेले, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं. मला सर्दी होती, वास आला नाही, मी लायटर मारला. त्यानंतर आजोबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली. पुण्याला नेऊन त्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी केली. एका तरुण डॉक्टरनं त्यांना विचारलं, आज वार कोणता, आणि त्यांनी मान खाली घालून सांगितलं, मंगळवार. मंगळवारच होता.

गेल्या आठवड्यात धुळा मिस्त्री आमच्या भांडगावच्या घरी आले. पुढचं सगळं त्यांच्या तोंडचं आहे; त्यातले साहेब म्हणजे आजोबा आणि बाई म्हणजे मी. मी समोर वही घेऊन बसले होते.

मी मेंढपाळाच्या घरातला, बाई. आमचा बा मेंढरं घेऊन कोकणापतुर जायचा, दिवाळी झाली की निघायचं ते पाऊसकाळाच्या तोंडाला माघारी, आन् सगळं घर घोड्यावर, भांडी, घोंगड्या, कोंबड्या, आन् त्या सगळ्याच्या वर मी. म्हणून तुम्ही आन् साहेब पहिल्यांदा आला आन् म्हणाला, मिस्त्री, गाडीत घर करायचंय, तवा मला लई हसू आलं. आई व्हती तवा, तिला घरी जाऊन सांगितलं, तर ती म्हणली, आरं, आपण जन्मभर त्येच केलं तर लोक कुत्री सोडायची, आन् ह्ये बंगला सोडून हौसंनं करत्यात व्हय.

मेंढरं माझ्या वाट्याला आली न्हाईत. बानं जमिनीचा तुकडा घेतला, आन् मी सणसवाडीला बसच्या बॉड्या बांधायच्या शेडात लागलो. तिथं बिहारकडचं एक उस्ताद व्हतं, त्यांनी मला आवाज ऐकायला शिकवलं. कान लगा, म्हणायचं, गाडी झूठ नहीं बोलती. मोठा स्क्रू-डायव्हर घ्यायचा, टोक लाकडाला टेकवायचं आन् मूठ कानाला लावायची, एकानं गाडी खड्ड्यातनं हळू घालायची आन् एकानं आत आडवं पडून ऐकायचं. खिडकीचं रबर कुरकुरलं तर पावडर चोळायची, आपण तोंडाला लावतो तीच, तेल लावायचं न्हाई, तेलानं रबर फुगतं. ड्रॉवर अडला तर मेणबत्ती घासायची. प्लायवर प्लाय घासलं तर मधी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पट्टी. बिजागरीला ग्रीस. आन् नटबोल्ट दर फेरीनंतर आवळायचं, का म्हंजी घर एका जागी उभं असतं, गाडीतल्या घराला रोज भूकंप हाय. हे मी साहेबांना सांगितलं तर साहेबांनी लगेच वही काढली, तारीख टाकली. म्हणले, धुळा, आमच्याकडं चाकावर हातोडी मारून आवाजावरनं चीर ओळखायचे, तुझं शास्तर आन् आमचं एकच हाय. मला लई बरं वाटलं तवा. एवढा मोठा माणूस, आन् माझं शास्तर म्हणला.

तर तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी शिरूरला आलात. काय सांगू तुम्हाला, त्यो दिवस मला तोंडपाठ हाय. तुम्ही म्हणाला, मिस्त्री, ती ओट्यामागची कुरकुर आजच्या आज बंद करा, माझं डोकं उठतं, ह्यांना ऐकू येत न्हाई म्हणून ह्यांचं बरं हाय. साहेब म्हणले, मला सगळं ऐकू येतं, मी फक्त उत्तर देत न्हाई. सगळी हसलो आपण.

मी आत आडवा पडलो, कान लावला. कुरकुर प्लायची नव्हती, बाई. लोखंडाची व्हती. सिलिंडरची पेटी ज्या लोखंडी अँगलवर बसवलीया त्याला चीर गेलीय, हे मला न बघता कळलं. बघायचं म्हंजी ओटा काढायचा, टाकी रिकामी करायची, शेगडी सोडायची, अख्खा दिस. पण दिसाचं एवढं न्हाई. वेल्डिंग माझं व्हतं. ओटा काढला आन् साहेबांसमोर माझंच काम तडकलेलं निघालं, तर ज्या माणसानं दौंडापतुर सांगितलं का धुळासारखा वेल्डर न्हाई, त्याच्याकडं मी बघू कसा? म्हणून काय केलं, स्कूटरची जुनी ट्यूब कापली, चौघडी केली, आन् पेटी आन् पत्र्याच्या मधी ठोकून बसवली. कुरकुर बंद. तुम्ही म्हणाला, वा मिस्त्री, जादू केली. मी ऐकून घेतलं. चहा बी घेतला.

आमची आई, घोड्यावरचं ओझं कुरकुरलं की भर उन्हात सगळ्यांना थांबवायची. बा शिव्या द्यायचा, तरी गाठी सोडायची, सगळं खाली उतरवायची, का तर दोरी घासती तवा ती घोड्याची पाठ सोलती, आन् घोडं काय बोलत न्हाई. तिच्या पोटचा मी. मी वाजणाऱ्या चिजंच्या तोंडात बोळा घातला.

तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी तसाच मोटरसायकलवर वडगावला. तुम्हाला दवाखान्यात नेलं व्हतं, साहेब बी तिकडंच. मी ओट्याखाली हात घातला. अँगल तुटून पेटी एका अंगाला लोंबत व्हती, आन् गॅसचा पाइप पत्र्याच्या धारेवर घासून फाटला व्हता, सुरी फिरवल्यावानी. म्हंजी साहेबांनी सकाळी सिलिंडर तेवढा उघडला, शेगडीला हात बी लावला न्हाई, आन् पाणी आणायला गेले, तेवढ्यात खाली गॅस साचला. साहेबांची काडीची चूक नव्हती. शेताचे मालक म्हणले, मिस्त्री, काय झालं असंल? मी म्हणलो, गाडीत दोष न्हाई. त्यो पाइप पिशवीत घातला, येताना भीमेत टाकला. गाडी शिरूरला आणून नवा अँगल लावला, नवा पाइप लावला. आता नीट लावला. ओटा काढून लावला.

मग मी तुमच्या घरी आलो, हात बघायला. तुमचा ल्योक फोनवर, पाव्हणे, शेजारी, सगळे म्हणत व्हते साहेब विसरले, वय झालं. आन् साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, धुळा, मी कॉक उघडला नव्हता रे, तू आत हात घातलास ना, काय दिसलं तुला? त्यांना वाटलं व्हतं एक हा तरी आपल्या बाजूनं बोलंल. मी म्हणलो, सगळं ठीक व्हतं साहेब.

चार वर्सं झाली. मी तुमच्या गल्लीनं जायचं सोडलं. आता तुम्ही गाडी विकायला काढली म्हणून मला बोलावलं, गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको, बारकी पोरगी कडेवर. त्यांनी विचारलं, ह्या गाडीला कधी आग लागली व्हती का? मी बोनेट उघडून उभा. साहेब म्हणले, गाडी निर्दोष आहे, चूक माझी होती, मी गॅस उघडा ठेवून विसरलो. त्या बाईनं लेकरू वढून घेतलं आन् साहेबांकडं, येड्या माणसाकडं बघत्यात तसं बघितलं. आन् साहेबांनी त्यांना हात जोडलं. माझ्या चुकीपायी जोडलं, बाई. मला न्हाई सोसलं. आता तुम्ही काय म्हणायचं त्ये म्हणा, पोलिसांत न्यायचं तर चला. पण आधी साहेबांना मी सांगतो, तुम्ही नका सांगू.

इथे मी वही मिटली.

आजोबा मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. मिस्त्रींनी जाऊन त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, मला सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात. आजोबांनी पाइप नेमका कुठं फाटला होता ते विचारलं. मग गाडीत जाऊन ओट्याखाली हात घालून ती पत्र्याची धार बोटानं चाचपली. ती अजून होती. बाहेर आले आणि म्हणाले, म्हणजे मी उघडला नव्हता. मिस्त्री म्हणाले, नव्हता साहेब. मला मारा. आजोबा म्हणाले, धार घासून घे आधी, कुणाचा तरी हात कापेल.

मिस्त्री गेल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्ही मला ठणकावून का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं होतं. तू म्हणालीस, असू दे, होतं असं या वयात. आणि तू कधी चुकत नाहीस, म्हणून मग मलाच वाटायला लागलं की मी विसरलो असेन.

कुरकुर आजच बंद करा, असं सांगणारी मीच होते. तुमच्या बाबाला फोन करणारीही मीच. मिस्त्रींनी एका दिवसात येऊन सांगायला हवं होतं, ते चार वर्षांनी आले. मी तर त्याच घरात होते.

गाडी विकलेली नाही. इंजिन सुरू होतं, ब्रेक धरतात, पाण्याचा पंप चालतो, सिलिंडर काढून टाकला आहे. तुमच्या आजोबांची स्मरणशक्ती शाबूत आहे. त्यांच्या लायसन्सची मुदत संपली आहे, आणि नवं काढायला चला म्हटलं की ते नको म्हणतात.