बाराचे दोन झेनर

...नाही, मी काय म्हणते, बारा आणि बारा चोवीस होतात हे मला दुसरीतच शिकवलं होतं हो, त्यासाठी लग्न करायची गरज नव्हती! पण गेला आठवडाभर आमच्या घरात दुसरं काही ऐकूच आलं नाही. जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच, झोपेतसुद्धा... बारा आणि बारा चोवीस.

तुम्हाला सांगते, झालं काय, बुद्धपौर्णिमा तोंडावर आलेली आणि विहारातल्या ॲम्प्लिफायरने मान टाकली. बाबाजीमामा, म्हणजे आमच्या कमिटीचे अध्यक्ष, लगेच म्हणाले, "डीजे आणूया मालगुंडातून. गाण्याबिण्याचं राहू दे ह्या वर्षी." आणि गाणार कोण होती? माझी पुतणी, आम्रपाली. पहिल्यांदाच! पोरगी महिनाभर घोकतेय, पण आवाज इतका मऊ, की घरात हाक मारली तर मांजरसुद्धा वळत नाही. माईक नाही तर ती नाही. तिचं तोंड एवढंसं झालं, आणि आमचे हे, सुहास, भर बैठकीत उठून म्हणाले, "मी करतो दुरुस्त."

कोण? ज्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून जे खुंटीवरच्या शर्टाला "या, बसा" म्हणतात, ते!

बरं, उघडून बघितलं तर आतला झेनर जळलेला. झेनर म्हणजे काय ते मला विचारू नका, मी ह्यांना विचारलं होतं, अख्खी दुपार गेली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, एका टोकाला काळी पट्टी. विजेचा दाब ठरल्या आकड्यावर धरून ठेवायचा, एवढंच तिचं काम. माईकच्या भागाला हवा होता चोवीस व्होल्टचा. सगळी रत्नागिरी पालथी घातली. दुकानदार म्हणतो कसा, मोबाईलमधून डोकं वर न काढता, "चोवीसचा नाय. बाराचा हाय. चोवीसचा येईल पुढच्या हप्त्यात." पुढच्या हप्त्यात पौर्णिमा थांबणार आहे का? पण ह्यांचा चेहरा असा उजळला... "मग बाराचे दोन द्या! एकामागे एक जोडले की दाबाची बेरीज होते. बारा आणि बारा चोवीस!"

आता जोडणार कोण? ह्यांना दिसत नाही, मग बायको आहेच. हे खुर्चीत बसून सूचना देणार, मी खाली बसून सोल्डर गनने कथील वितळवत चटके खाणार. "रेणुका, पट्टी नीट बघ हां." बघितली ना! दोघांना छान समोरासमोर बसवलं, पट्टीला पट्टी. जोडी आहे म्हटल्यावर एकाने दुसऱ्याकडे पाठ करून कसं बसायचं?

मीटर लावला.

"किती?"

"बारा पॉइंट सात."

"नीट बघ."

"अहो, बारा पॉइंट सातच."

माईकमधून आवाज असा फाटका, की आम्रपालीने एक ओळ म्हटली आणि माईक खाली ठेवला. बाबाजीमामा ओटीवरून म्हणाले, "सुहास, लावू ना डीजेला फोन?" आणि हे... चष्मा पुसत म्हणाले, "बेरीज चुकली माझी." इतकं वाईट वाटलं मला! ते बारा आणि बारा चोवीस ऐकून कान किटले होते, पण बंद झाल्यावर घर कसं सुनं वाटायला लागलं.

म्हणून आपली समजूत घालायला म्हटलं, "बेरीज कशी चुकेल? मी तर दोघांना किती प्रेमाने समोरासमोर बसवलंय."

"समोरासमोर?" ताडकन उठले. "ते काय लग्नाच्या फोटोला बसलेत? रांगेत उभं कर! दोन्ही पट्ट्या प्लसकडे. एक उलटा बसला की तो जेमतेम पॉइंट सात धरतो, बाकीचं सोडून देतो!"

फिरवला एक. मीटरवर चोवीस. बाबाजीमामांनी फोन गुपचूप खिशात टाकला.

पौर्णिमेला आम्रपाली गायली, रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून ऐकत होते. मी रडले, सांगते ना, खरंच रडले. आणि ह्यांनी माईक हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "हे काम माझ्या रेणुकाच्या हातचं." उलटं बसवलं होतं ते नाही सांगितलं. म्हटलं, माणूस चांगला आहे हो.

चांगला कसला! दुसऱ्या दिवशी चहासुद्धा झाला नव्हता, शेजारची येसूबाई मिक्सर घेऊन दारात. "अगो रेणुका, ह्यो फिरत न्हाय, जरा बघ." तिच्या मागे हरिश्चंद्रभाऊ टेबलफॅन घेऊन. आणि हे खुर्चीतून, "ठेवा ठेवा, करेल ती!"

काय करता... सोल्डर गन तापत ठेवलीय.