दिव्यांचा नको, साधा बोर्ड

कॉम्प्युटरच्या दुकानात माउस बदलायला आलेल्या शिक्षिकेच्या पुढे रांगेत एक सासरे आणि त्यांची सून उभी होती. शिक्षिकेचे कान आपसूकच तिकडे लागले.

"बाबा, हा दिव्यांचा मदरबोर्ड छान आहे."

"दिवे घेऊन काय करायचंय? प्रोसेसरचा वेग वाढवला की तो वीज ओढणार, बोर्ड तापणार. या साध्या बोर्डावर उष्णता खेचणारी पट्टी बघ केवढी जाड आहे. चाळीस वर्षं लेथवर काढलीत, तापणं मला कळतं."

"हा बोर्ड वेग वाढवू देतो ना पण?"

"देतो. माहितीपत्रक दोनदा वाचलंय. रॅम मध्यम वेगाची घे, फक्त दोन सारख्या पट्ट्या जोडीने घे."

"नवा प्रोसेसरच घेतला तर?"

"आहे तोच पळवू. तुझे घरांचे नकाशे भराभर उघडले म्हणजे झालं."

"नोकरी सोडल्याचं ह्यांना अजून सांगितलं नाही मी."

"तुझं स्वतःचं पहिलं काम मिळालं ना?"

"मिळालं."

"मग आज जेवताना सांग. मी शेजारी बसतो."

दुकानदाराने विचारलं, "बिल कोणाच्या नावाने?"

"हिच्या कंपनीच्या."

"बाबा, नाव कुठे ठरलंय अजून?"

"मग ओळ मोकळी सोडा हो."

सून काउंटरपाशी पुढे झाली.

"नको. लिहा, मी सांगते."